पाण्यात पाहणं

बाल्टिकमधल्या आमच्या छोट्या बेटावर
एक जुनं वैर आहे.
थोरकिल्ड ब्रोगोर आणि ऐनर मॅथिसन
एकमेकांना पाण्यात पाहतात
एका चरासाठी. चरही कसला,
वीतभर रुंद, कधीच बुजलेला,
वर नुसतं गवत.
एकवीस वर्षं.
चर्चमध्येही एक उजव्या बाकावर, एक डाव्या.

मी बॉयलरवर असते, रात्रपाळीला.
गव्हाचं, बार्लीचं काड
पाचशे किलोच्या गाठींनी येतं.
क्रेन उचलते, पोटात सुई खुपसून ओल मोजते.
जास्त निघाली की मी पैसे कापते
आणि शिव्या खाते.

पूर्वी हेच काड ऑगस्टमध्ये रानातच पेटवायचे.
आई वाळत घातलेल्या चादरी ओढत आत पळायची,
तरी काजळीची फुलपाखरं घरभर.
मग हिवाळ्यात तेलाच्या बोटीची वाट पाहायची.
ज्या वर्षी समुद्र गोठे
त्या वर्षी अख्खं बेट दात वाजवत बसे.
म्हणजे एकदा फुकट जाळायचं
आणि एकदा विकत आणून.
हे ध्यानात यायला आम्हाला
एवढी वर्षं का लागली, देव जाणे.

आता काड जळतं, पाणी तापतं,
जमिनीखालून निघतं बहात्तर अंशांवर,
शाळा, दवाखाना, बेकरी, एकशे नव्वद घरं,
प्रत्येकाच्या हातावर थोडं थोडं ठेवत
अडतीसवर माझ्याकडे परत येतं
कामावरून आलेल्या माणसासारखं,
न बोलता.
राख उरते, ती शेतात जाते.

"माझं काड कुणाच्या घरी जातं, आग्नेटे?"
गाठी उतरवताना ऐनर दरवेळी विचारायचा.
"पाण्याला विचार," मी म्हणायचे.

जानेवारीत सोसायटीची सभा झाली.
कुणीतरी सहज बोलून गेलं,
यंदा निम्मं काड ऐनरचं.
थोरकिल्ड कॉफी अर्धी टाकून उठला,
घरी गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

माझ्या पडद्यावर सगळी घरं दिसतात.
घर क्रमांक एकशे चौदा : शून्य.
बाहेर उणे नऊ.
दुसऱ्या रात्री शून्य.
तिसऱ्या रात्री मी फोन केला.
"ओव्हरकोट आहे माझ्याकडे," तो म्हणाला,
"त्याच्या उबेवर जगण्यापेक्षा..."
पुढचं खोकल्यात गेलं.

मी काय बोलणार?
वैर गाठीत बांधून आणता येत नाही,
नाहीतर मी त्याचीही ओल मोजली असती.

सांगायला नको होतं, पण सकाळी
क्रेनखाली उभ्या ऐनरला मी सांगितलं.
त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.
सव्वीस गाठी उतरवल्या.
"पावतीवर नाव घालू नकोस," म्हणाला.
"मग काय लिहू?"
"काड लिही."

चौथ्या रात्री, दोन चाळीसला,
एकशे चौदाचा आकडा हलला.
आधी केसभर, मग थांबला,
मग चढत गेला.
कुणी कुणाचं दार वाजवलं,
की पावतीची गोष्ट बेकरीतून तिथवर पोचली,
की नुसती थंडीच जिंकली,
मी विचारलं नाही.

बोलत नाहीत अजून.
पाण्यात पाहतात अजूनही,
पाणी तेवढं बहात्तर अंशांचं.

पहाटे सायकलवरून घरी जाताना
बर्फात एक काळी, ओली रेघ दिसते.
खाली नळ आहे, जुना, ऊब गळणारा.
ऐनरच्या फाटकातून रेघ निघते,
बुजलेल्या चरावरून सरळ जाते
थोरकिल्डच्या पायरीपर्यंत.
तिच्यावर ऐनरची मांजर अंग मुडपून झोपते,
कधी इकडच्या टोकाला, कधी तिकडच्या.

दुरुस्तीच्या यादीत तो नळ चौथा होता.
यादी माझ्याकडे असते.
आता तो सतरावा आहे.